वापरणाऱ्याची चूक

हिंके मावशीचं नाव इंटरनेटवर शोधलं की सगळ्यात वर काय यायचं, माहीत आहे? गावच्या शाळेत तिनं उभा जन्म शिकवलं, ते नाही. चर्चमध्ये ती गायची, ते नाही. वर यायचं तिचं आडनावासकट पूर्ण नाव आणि त्या नावाला डकवलेली एक करडी चिठ्ठी: 'वापरणाऱ्याची चूक'. आणि ही चिठ्ठी डकवणाऱ्या गृहस्थानं मावशीचं तोंडही कधी पाहिलेलं नव्हतं.

रेन्स्केच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हापासून. हिंके तिच्या आईची थोरली बहीण. रेन्स्के हॉलंडात, लेउवार्डनला, कालव्यांच्या पाण्याची पातळी सांभाळणाऱ्या कचेरीत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी मात्र तिचा उद्योग एकच. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून चालवायचे जे छोटे छोटे फुकट प्रोग्राम असतात ना, त्यांतल्या खोडी शोधून त्या दुरुस्त करायच्या. हे वेड असलेले लोक जगभर आहेत. कुणीतरी एक प्रोग्राम लिहितो आणि उघड्यावर ठेवतो. बाकीचे तो वापरतात, बिघडला तर तिथंच तक्रार लिहितात, जमलं तर दुरुस्तीही पाठवतात. मग मालक त्या तक्रारीला एक चिठ्ठी लावतो. 'बग' अशी चिठ्ठी लागली तर दोष प्रोग्रामचा. 'वापरणाऱ्याची चूक' अशी लागली तर दोष तुमच्या डोक्याचा, आणि तो जगाला कायमचा दिसत राहणार.

आता मावशीचं काय झालं ते ऐका. तिचं गाव ईस्टरबूरेन, समुद्राच्या बांधाला पाठ लावून बसलेलं. पूर्वी तिथल्या बायका घरोघरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कोळंबी सोलायच्या. शाळा सुटल्यावर, म्हणजे निवृत्त झाल्यावर, मावशी सायकलवरून त्या म्हाताऱ्यांकडे जायला लागली. चहा व्हायचा, त्या बोलायच्या, आणि मावशी ते सगळं रेकॉर्ड करून घ्यायची. त्यांच्या फ्रिजियन बोलीत, खोकल्यासकट आणि शिव्यांसकट. त्यांतल्या बऱ्याचजणी आता या जगात नाहीत. वर्षानुवर्षं फायली साठत गेल्या, त्याच त्या दोन दोन ठिकाणी झाल्या, डिस्क भरली. मग कुणीतरी तिला म्हणालं, खुरपं वापर.

खुरपं हे त्या प्रोग्रामचं नाव. डच शब्दाचा अर्थही तोच. तण काढावं तशा तो जादा प्रती उपटून टाकतो आणि प्रत्येकाची एक ठेवतो, असं त्याचं म्हणणं. मावशीनं तो चालवला आणि सगळ्या मुलाखती गेल्या. जादा प्रती नव्हेत, सगळ्याच. राखीव डिस्क होती की, नव्हती असं नाही. पण ती रोज संध्याकाळी आपोआप पहिलीसारखी व्हायची. त्या संध्याकाळी तीही इमानेइतबारे रिकामी झाली.

मावशी रडत बसली नाही. तिनं रीतसर तक्रार लिहिली. आणि तिथं तिनं असं काही केलं की जे त्या जगात कुणी करत नाही. खाली खरं नाव घातलं, गावासकट, शाळेत मुलांना पत्र लिहायला शिकवायची तसं. अहो, तिथं बाकी सगळे 'भिजका बूट' आणि 'तिसरा उंदीर' असल्या नावांनी वावरतात! उंदराला काय, त्याला गावात तोंड दाखवायचं नसतं.

खुरप्याचा मालक रूलोफ. राहणार डेव्हेंटर, नोकरी बँकेतल्या कॉम्प्युटरांची. त्याचं उत्तर आलं: 'हा प्रोग्राम हजारो लोक वापरतात. असं कुणालाही झालेलं नाही. कृपया मॅन्युअल वाचा.' खाली चिठ्ठी. तक्रार बंद.

आणि मावशीनं ते मान्य केलं! रेन्स्केला सगळ्यात जास्त कसला संताप आला असेल तर याचा. मावशीनं गावच्या इतिहास मंडळाचा राजीनामा दिला, रेकॉर्डर परत केला, आणि गेलेल्या बायकांच्या मुलींच्या घरी जाऊन प्रत्येकीला सांगितलं, "माझ्या हातून गेलं, मला येत नव्हतं तरी मी केलं." त्या गेलेल्यांतल्या वित्स्केच्या मुलीनं ते इंटरनेटवर शोधूनही पाहिलं, चिठ्ठी वाचली, आणि त्यानंतर ती रस्त्यात मावशीला बघून पलीकडच्या बाजूला जायला लागली. बेकरीतली बाई पाव देताना म्हणायची, "हिंके, पैसे रोखच दे गं बाई, मशीनला हात लावू नकोस!" सगळे हसायचे. मावशीही हसायची.

रेन्स्केनं रविवारमागून रविवार खुरप्यावर घालवले. खोट्या फायली करायच्या, खुरपं चालवायचं, बघायचं. दर वेळी ते शहाण्यासारखं जादा प्रती काढायचं आणि एक ठेवायचं. एकदाही चुकलं नाही. शेवटी तिच्याही मनात पाल चुकचुकली की मावशीनंच काहीतरी गोंधळ घातला असेल. मग ती ईस्टरबूरेनला गेली.

मावशीनं चहा ओतला, बिस्किटांचा डबा उघडला, एक बिस्किट दिलं आणि झाकण लावलं. तिकडची रीतच ती.

"मावशी, त्या दिवशी तू नेमकं काय केलंस?"

"जाऊ दे गं. झालं गेलं."

"जाऊ दे कसं? मला दाखव."

"दाखवायचं काय त्यात? जे लिहिलंय ते केलं."

"कुठं लिहिलंय?"

"त्याच्या मॅन्युअलमध्ये. शेवटी तो भाग नाही का, 'अधिक सुरक्षिततेसाठी' म्हणून? तू वाचला असशीलच."

रेन्स्केनं चहाच्या कपात बघितलं. कुठला वाचलाय! खरं सांगायचं तर या मंडळींत मॅन्युअल कुणी वाचत नाही. दुसऱ्याला 'मॅन्युअल वाच' म्हणून झाडायचं आणि आपण वरच्या दोन-चार ओळी बघून कामाला लागायचं, अशी यांची तऱ्हा. तिनं तिथंच लॅपटॉप उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा खुरप्याचं मॅन्युअल तळापर्यंत वाचलं. तळाशी लिहिलं होतं: 'अधिक सुरक्षिततेसाठी एक नवा फोल्डर करा, त्यात आपल्या सगळ्या फोल्डरांचे, त्यांच्या पोटातल्या फोल्डरांचेही, शॉर्टकट ठेवा, आणि खुरपं तिथं चालवा.'

तिनं खोट्या फायली केल्या. नवा फोल्डर केला, शॉर्टकट ठेवले, खुरपं चालवलं. आणि सगळ्या फायली गेल्या. एकही राहिली नाही.

शॉर्टकट म्हणजे त्याच घराचं मागचं दार. खुरप्यानं पुढच्या दारानं घर पाहिलं, मागच्या दारानं तेच घर पुन्हा पाहिलं, आणि त्याला वाटलं ही घरं दोन. मग एक पाडून टाकलं. दुसरं होतंच कुठं? इतकी ढोबळ खोड, आणि इतकी वर्षं कुणाला सापडली नाही. का? तर ती फक्त त्यालाच सापडणार होती, जो मॅन्युअल शेवटपर्यंत वाचेल आणि सांगितलंय तसं वागेल. आळशी सगळे सुखरूप. काळजी घेणारी एकटी मावशी बुडाली. आणि तिलाच हा शहाणा म्हणतो, मॅन्युअल वाचा!

रेन्स्के ताडकन उठली. "मावशी! त्यानं सांगितलं ते तू केलंस म्हणून झालं हे! त्याच्या डोंबलाची सुरक्षितता!"

"म्हणजे मी नीट केलं होतं?"

"अगदी नीट. इतकं नीट कुणीच केलं नव्हतं."

टेबल स्वच्छच होतं, तरी मावशीनं ते फडक्यानं पुसलं. मग म्हणाली, "मग त्याला सांग तसं लिहायला. तिथंच लिहू दे, सगळ्यांना दिसतं तिथं. मला बाकी काही नको."

एवढंच मागणं होतं तिचं. एक चिठ्ठी काढून दुसरी लावायची. लहान मुलालाही जमेल असं काम.

रेन्स्केनं दोन दुरुस्त्या पाठवल्या. एकीत खुरप्याला दोन दारांचं एक घर ओळखायला शिकवलं. दुसरीत मॅन्युअलचा तो भाग काढून तिथं स्वच्छ शब्दांत लिहिलं की शॉर्टकट असतील तर आधी काय तपासायचं. सोबत सविस्तर मजकूर: खोड खरी आहे, हिंकेबाईंनी कळवलं ते बरोबर होतं, त्यांच्या तक्रारीवरची चिठ्ठी बदलावी.

रूलोफनं दुरुस्त्या लगेच घेतल्या. बिनबोभाट. आणि नव्या आवृत्तीच्या नोंदीत काय लिहिलं? 'किरकोळ साफसफाई.' बस्स! म्हाताऱ्या बायकांचे आवाज गिळून बसला होता तो प्रोग्राम, आणि हे महाशय म्हणतात किरकोळ साफसफाई. मावशीची चिठ्ठी होती तिथंच.

रेन्स्केनं त्याला लिहिलं, "चिठ्ठी बदल."

"कशाला? दुरुस्त झालंय ना?" त्याचं उत्तर.

"प्रोग्राम दुरुस्त झाला. माणसाचं काय?"

"ती तक्रार बंद आहे. बंद तक्रारीला मी हात लावत नाही. पद्धत आहे."

"पद्धत गेली चुलीत. त्या बाईचं खरं नाव आहे तिथं. गावात तिच्यावर हसतात."

"खरं नाव लिहायला मी सांगितलं होतं का?" आणि मग त्याचा लांबलचक मजकूर आला. "हे बघ, मी हे सगळं फुकट करतो. सुट्ट्या जातात. दर आठवड्याला कुणीतरी मला गाढव म्हणतं. आभार मानायला एक माणूस येत नाही. बायको विचारते, हे कुणासाठी चाललंय? आणि आता तू मला एका चिठ्ठीवरून फैलावर घेतेस!"

यात खोटं काही नव्हतं. रेन्स्केलाही ठाऊक होतं ते. तिचेही रविवार असेच जात होते. पण म्हणून काय? "फुकट वाटलंस म्हणून त्यात खडे चालतात का?" तिनं लिहिलं. "दात पडला तर म्हणायचं, चावणाऱ्याची चूक?"

"तिनं मॅन्युअलप्रमाणे केलं, असं एका शब्दानं सांगितलं असतं तर मी बघितलं असतं. ती बाई हवापाण्याचं पत्र लिहावं तसं लिहीत बसली."

रेन्स्केनं मावशीची तक्रार पुन्हा उघडली. नमस्कारानंतरची पहिलीच ओळ: 'तुमच्या मॅन्युअलच्या शेवटच्या भागात सांगितल्याप्रमाणे मी पुढील गोष्टी केल्या.' म्हणजे या पठ्ठ्यानं मॅन्युअल तर वाचलं नव्हतंच, तक्रारही वाचली नव्हती. तिनं ती ओळ उचलून त्याला जशीच्या तशी पाठवली. त्यावर उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही.

नोव्हेंबरात या प्रोग्रामवाल्या मंडळींचं वार्षिक संमेलन असतं, ते यंदा डेव्हेंटरलाच होतं, एका शाळेच्या हॉलमध्ये. रेन्स्के मावशीला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. लिहिताना माणूस एक असतो, समोर आल्यावर दुसरा. त्याला भेटू आणि बोलू."

"मी त्या पोरांत काय करू?"

"काही करू नकोस. वाटाण्याचं सूप पी."

मावशी आली. चांगला कोट घालून, डब्यात चीज-पाव घेऊन. गाडीत ती म्हणाली, "त्याला जास्त बोलू नकोस हं. त्यालाही वाईट वाटत असेल." इतकं भाबडं माणूस!

हॉल भरलेला होता. दाढ्या, लोकरी टोप्या, कागदी वाट्यांतलं सूप. सकाळच्या भाषणांत रूलोफचं नाव होतं. मावशी उशीर नको म्हणून आधीच मागच्या रांगेत जाऊन बसली. रूलोफ उंच, बारीक, जरा वाकलेला, बोलायला मिठ्ठास. विषय होता, चांगली तक्रार कशी लिहावी. पडद्यावरच्या पहिल्या काही चित्रांना लोक हसले, रेन्स्केही हसली. मग तो म्हणाला, "आणि आता वाईट तक्रारीचा उत्तम नमुना," आणि पडद्यावर मावशीची तक्रार आली. नावासकट. गावासकट. चिठ्ठीसकट.

त्यानं आवाज म्हातारा केला आणि वाचलं, "आदरणीय निर्मात्यांस, सादर नमस्कार. आशा आहे, आपण कुशल असाल." हॉल खो खो हसला. कुणीतरी ओरडलं, "आम्ही कुशल आहोत, आजी!" पुन्हा हशा.

रेन्स्केनं मागे वळून पाहिलं. मावशी हसत होती. बेकरीत हसायची तसंच, ओठ मिटून.

मग मात्र रेन्स्के उभी राहिली. "पुढची ओळ वाच."

"प्रश्न शेवटी घेऊ या," रूलोफ म्हणाला. तिला त्यानं ओळखलं नव्हतं.

"प्रश्न नाहीये. पुढची ओळ वाच, रूलोफ. मोठ्यानं. त्याच म्हाताऱ्या आवाजात वाच."

हॉलमध्ये कुजबुज झाली. रूलोफ पडद्याकडे वळला आणि वाचायला लागला. "तुमच्या मॅन्युअलच्या शेवटच्या भागात सांगितल्याप्रमाणे..." म्हातारा आवाज अर्ध्यातच गळाला. पुढचं त्यानं स्वतःच्या आवाजात वाचलं, आणि तेही ऐकू येईल न येईल असं.

"मी रेन्स्के. तुझी किरकोळ साफसफाई मी केली," ती म्हणाली. "या बाईनं कळवलेली खोड शंभर टक्के खरी होती. तुला ते कळलं, तू दुरुस्ती गुपचूप घेतलीस, आणि तरी आज तिला इथं हसायला आणून टांगलंस. लाज नाही वाटली? आणि तुम्ही!" ती हॉलकडे वळली. "खो खो हसता! खुरपं कोण कोण वापरतं?"

जवळजवळ सगळे हात वर गेले.

"त्याचं मॅन्युअल शेवटपर्यंत कुणी वाचलंय? खरं सांगा."

सगळे हात खाली आले. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. रूलोफ हातातल्या, चित्रं बदलायच्या बटणाकडे बघत उभा होता. मग मागच्या रांगेतून एक हात वर गेला, चांगल्या कोटाच्या बाहीतला, शाळेतल्या मुलासारखा सरळ.

"ही ती," रेन्स्के म्हणाली. "नाव पडद्यावर आहेच."

कुणी हसलं नाही. मघाशी 'आजी' म्हणून ओरडलेल्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. रूलोफ व्यासपीठावरून उतरला आणि रांगांमधून मागे गेला. त्याचे कान लाल झाले होते.

"ही चित्रं मी वसंतात केली होती," तो मावशीला म्हणाला. "पुन्हा बघितलीच नाहीत. नाही, हे कारण झालं. माझं चुकलं. मला माफ करा. मी आत्ता, इथंच, ती तक्रार काढून टाकतो. पूर्ण काढतो. तुमचं नाव कुठं म्हणजे कुठंच दिसणार नाही."

आसपासच्या लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. एक-दोघांनी टाळ्याही वाजवल्या. रेन्स्केलाही वाटलं, जिंकलो. याहून जास्त काय मागायचं?

"नको," मावशी म्हणाली. "पुसायचं काम तुम्ही भरपूर केलंत."

रूलोफ ऐकायला जरा पुढे वाकला.

"माझं नाव राहू द्या. मी कळवलं होतं, ते खरं होतं, मग नाव का काढायचं? चिठ्ठी तेवढी बदला. आणि मॅन्युअलमध्ये तो भाग होता ना, तिथं लिहा, या सल्ल्यापायी काय गेलं ते. कुणाकुणाचं गेलं ते. नावं मी सांगते."

"बाई, मॅन्युअलमध्ये असं..." तो चाचरला. "मॅन्युअल प्रोग्रामचं असतं. त्यात माणसांची नावं घालायची पद्धत नाही. आणि खरं सांगू का, ते वाचणार तरी कोण?"

"मी वाचते," मावशी म्हणाली. "मी एकटीच वाचते, आत्ताच बघितलंत ना? मग माझ्यासाठी लिहा."

मग रूलोफनं व्यासपीठावरचा लॅपटॉप आणला, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि तो मांडीवर घेतला. पडदा अजून बिनतारी त्यालाच जोडलेला होता, त्यामुळे सगळ्या हॉलला दिसलं: करडी चिठ्ठी गेली, लाल 'बग' लागली. रेन्स्के पुढच्या रांगेत उभीच होती. गावात त्या चिठ्ठीपायी मावशीनं किती बोलणी खाल्लीत ते तिला माहीत होतं. पण मावशीनं चिठ्ठीकडे धड पाहिलंही नाही. ती त्याच्या बोटांकडे बघत होती.

"लिहा," ती म्हणाली. "वित्स्के. बांधाजवळच्या शेवटच्या घरातली. कोळंबी सोलताना गायची, आणि मधेच थांबून नवऱ्याला शिव्या द्यायची. नवरा समुद्रात गेला होता, परत आला नव्हता. तरी द्यायची."

"हे सगळं लिहू?"

"सगळं. गाणं आता लिहिता येणार नाही, ते तुमच्या खुरप्यानं नेलं. बाकीचं लिहा."

तो लिहीत होता. पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं. सूप वाढणारी बाई पळी हातात धरून दारात येऊन उभी राहिली होती.

"झाली वित्स्के?" मावशीनं विचारलं. "आता यिक्के."